कॅन्सरसाठी दिलेला रुपया कुठं जातो?

कामरेजहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. कामरेज म्हणजे सुरतेच्या पुढं, तापीच्या काठाला, मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरचं गाव. बाईंचं माहेर गडहिंग्लजकडचं, सासर मूळचं संकेश्वरचं आणि साड्यांच्या धंद्यापायी बिऱ्हाड गेली वीस वर्षं तिकडं. घरात सासूबाईंशी कन्नड, नवऱ्याशी मराठी, दारात गुजराती. त्यांच्या आई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेल्या. आईच्या नावची ठेव मोडून आलेले एक लाख रुपये भावंडांना कॅन्सरच्या कामाला द्यायचे आहेत. त्या लिहितात, "ताई, सुरतेत, मुंबईत, बेळगावात इतक्या संस्था आहेत. मोबाइलवर रोज एका टक्कल पडलेल्या बाळाचा फोटो येतो, खाली पैसे पाठवायचा चौकोन. एक संस्था म्हणते, आम्ही रुपयातले पंचाण्णव पैसे रुग्णाला देतो. दुसरी म्हणते, आम्ही पाच हजार बायकांची तपासणी केली. कुणाला देऊ? अव्वाचे पैसे आहेत, वाया जायला नकोत."

हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडतो, पण विचारायची लाज वाटते. दान दिलं की हिशेब विचारू नये, अशी आपली समजूत. माझं मत उलट आहे. किराणा दुकानात आपण दहा रुपयांचा हिशेब मागतो, मग लाखाचा का मागू नये? कन्नडमध्ये हिशेबाला लेक्क म्हणतात आणि आपल्या भागात पैशाला रोक्क. दोन्ही शब्द घराघरांत एका दमात येतात. जिथं रोक्क गेला तिथला लेक्क मागायचाच.

आधी ते पंचाण्णव पैसे बघू. ऐकायला छान वाटतं, पण हा आकडा काढला कुणी? बहुतेक वेळा संस्थेनंच. हा आकडा किती वाकवता येतो, याचं उदाहरण अमेरिकेत घडलं. मे २०१५ मध्ये तिथल्या संघीय व्यापार आयोगानं आणि पन्नासही राज्यांनी मिळून चार कॅन्सर संस्थांवर खटला भरला. 'कॅन्सर फंड ऑफ अमेरिका' ही त्यातली मुख्य. २००८ ते २०१२ या काळात या चौघींनी लोकांकडून १८ कोटी ७० लाख डॉलर गोळा केले. त्यातला रुग्णांपर्यंत पोचलेला वाटा होता शेकडा तीनच्या आसपास. बाकीचे पैसे फोन करून वर्गणी गोळा करणाऱ्या कंपन्यांना, चालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना गेले. मोटारी झाल्या, सहली झाल्या, मुलांच्या कॉलेजच्या फिया भरल्या गेल्या.

मग इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण कागदावरची टक्केवारी बरी दिसत होती. या संस्था परदेशी पाठवायच्या औषधांसारख्या वस्तू देणगी म्हणून दाखवत, त्यांची मोठी किंमत जमेला धरत आणि तीच किंमत मदतकार्याच्या खर्चात लिहीत. आपल्याकडच्या आहेरासारखंच हे. एका लग्नात आलेली साडी दुसऱ्या लग्नात दिली आणि वहीत दोन्हीकडं पाच हजार लिहिले, तर वर्षअखेर आपण दानशूर दिसतो! घरातला एक पैसा मात्र हललेला नसतो. पुढं या संस्था बंद करण्यात आल्या. तेव्हा संस्थेनं वस्तूंची किंमत जमेला धरली असेल तर ती बाजूला काढून रोखीचा हिशेब वेगळा बघावा.

आता आपल्याकडं हिशेब मिळतो कुठं? सुरत, मुंबई आणि बेळगाव ही तिन्ही गावं १९५० साली एकाच मुंबई राज्यात होती आणि त्याच साली सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा झाला. नंतर राज्यं वेगळी झाली, कायद्याची नावंही बदलली. तरी महाराष्ट्रात आणि गुजरातेत तोच कायदा थोड्याफार फरकानं चालतो. दोन्हीकडं धर्मादाय आयुक्त आहेत आणि नोंदलेल्या संस्थेला दरवर्षी तपासलेले हिशेब त्यांच्या कार्यालयात द्यावे लागतात. अर्ज करून, ठरलेली फी भरून नक्कल मागता येते. कर्नाटकात आता ही धर्मादाय आयुक्ताची व्यवस्था नाही. तिथं संस्था सोसायटी असेल तर तिचे कागद १९६०च्या कायद्याखाली निबंधकाकडं असतात. प्राप्तिकराचे नियम मात्र तिन्ही राज्यांना सारखेच.

महाराष्ट्र-गुजरातच्या कायद्यात दोन कागद ठरलेले आहेत. आठव्या अनुसूचीतला ताळेबंद आणि नवव्या अनुसूचीतलं उत्पन्न-खर्च पत्रक. घाबरू नका, एकेक पानाचा मामला असतो. नवव्या पत्रकात खर्चाच्या बाजूला आस्थापना खर्च, विश्वस्तांना दिलेला मोबदला, वकिलाची फी, हिशेब तपासनिसाची फी, घसारा अशा ओळी येतात आणि शेवटी येते 'संस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्च'. त्यातही धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य असे पोटभाग असतात. समजा, संस्थेला वर्षात चाळीस लाख आले. वैद्यकीय मदतीच्या ओळीत सहा लाख, आस्थापनेवर चार लाख आणि तीस लाख इमारत निधीत वळवलेले. फोटो बाळाचा, पैसा विटांचा! इमारत बांधू नये असं मी म्हणत नाही. पण मग पत्रकावर इमारतीचाच फोटो छापावा.

ताळेबंदात मुदतठेवींचा आकडा बघा आणि त्याला वर्षाच्या खर्चानं भागा. दोन-तीन वर्षं पुरेल इतकी शिल्लक असणं शहाणपणाचं आहे. पंधरा वर्षं पुरेल इतकी असेल तर तुमचा लाख तिथं नुसता व्याज खात बसेल. करमाफी घेणाऱ्या संस्थेनं उत्पन्नातले ८५ टक्के कामावर खर्चावेत असा प्राप्तिकराचा सर्वसाधारण नियम आहे, पण ठरावीक कारण दाखवून ते पुढं साठवायचीही सोय आहे.

इथपर्यंतचं काम कुठलाही चांगला हिशेबनीस करून देईल. पण एवढ्यानं भागत नाही. एखादी संस्था अगदी प्रामाणिक असेल, पै-पैचा हिशेब चोख असेल, आस्थापनेचा खर्च नगण्य असेल, तरी तिच्या कामानं एकही माणूस वाचला नसेल असं होऊ शकतं. पाच हजार बायकांची तपासणी केली, ठीक. पुढं काय झालं? किती जणींत दोष आढळला, त्यातल्या किती जणी मोठ्या दवाखान्यात पोचल्या, किती जणींनी उपचार पुरे केले? याचं उत्तर देता यायचं तर नोंदी ठेवाव्या लागतात, घरोघरी माणूस पाठवावा लागतो, त्याला पगार द्यावा लागतो. हाच खर्च पत्रकात 'आस्थापना' होऊन बसतो आणि पंचाण्णव पैशांच्या शर्यतीत संस्था मागं पडते.

म्हणून बार्शीची गोष्ट सांगते. आपल्या वाचकांपैकी अक्कलकोट-सोलापूरकडच्यांना बार्शी परकी नाही. भगवंताच्या देवळाचं, बाजारपेठेचं गाव. नर्गिस दत्त ३ मे १९८१ रोजी कॅन्सरनं गेल्या. मुलाचा पहिला सिनेमा पडद्यावर यायला तेव्हा काही दिवसच उरले होते. सुनील दत्त यांनी पुढं त्यांच्या नावानं प्रतिष्ठान काढलं आणि बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर रुग्णालयालाही नर्गिस दत्त यांचंच नाव आहे. डॉ. बी. एम. नेने हे या रुग्णालयाशी कायमचं जोडलं गेलेलं नाव.

या रुग्णालयानं १९८७ पासून एक अगदी रुक्ष दिसणारं काम अंगावर घेतलं. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत कुणाला कॅन्सर झाला आणि त्याचं पुढं काय झालं, याची नोंदवही. देशातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. शहरात दवाखान्याचे कागद मिळतात. खेड्यात बाई घरातच खंगून जाते आणि लोक 'पोटाचं दुखणं होतं' म्हणून विषय संपवतात. त्यामुळं नोंदणीची माणसं गावोगाव फिरत, सरपंचापासून सुईणीपर्यंत सगळ्यांशी बोलत, सभा घेत, अंगावरून जातंय म्हणणाऱ्या बायकांना दवाखान्यात यायला सांगत. या फिरण्याचाच परिणाम असा झाला की नव्वदच्या दशकात गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या अवस्थेत घेऊन येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. नुसतं मोजायला गेलेल्यांनी न मोजता येणारं काम केलं, म्हणा ना.

मग १९९९ मध्ये तिथं मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय, बार्शीचं हे रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिओनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांचा तो संयुक्त प्रकल्प. पैसा गेट्स फाउंडेशनचा, म्हणजे धर्मादायच. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले आणि ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार भागांत वाटले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणं, चौथ्यात फक्त माहिती आणि नेहमीची सरकारी सेवा. तपासणी प्रत्येकीची एकदाच. आणि नंतर आठ वर्षं पाठपुरावा.

निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. ज्या भागात काहीच तपासणी नव्हती तिथं ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४,१२६ पैकी ३४. मृत्यू निम्म्यावर आले. पॅप तपासणीच्या भागात ५४ आणि व्हिनेगरच्या भागात ५६ मृत्यू झाले. म्हणजे एकाच तपासणीवर थांबलं तर या दोन पद्धतींचा फायदा नक्की सिद्ध होण्याइतका दिसला नाही. व्हिनेगरची पद्धत टाकाऊ आहे असा याचा अर्थ नव्हे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानं प्रशिक्षित कार्यकर्त्या बायकांकडून दोन-दोन वर्षांनी चार वेळा तीच तपासणी करवली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण त्यासाठी पुन्हा पुन्हा जावं लागलं. एका रविवारी मंडप घालून, पाहुण्यांना नारळ देऊन, फोटो काढून निघून जाणाऱ्या शिबिराची आणि याची बरोबरी होत नाही.

बार्शीच्या आकड्यांचा जमाखर्च आपण घरी मांडू शकतो. तपासणी नसलेल्या भागात हजार बायकांमागे दोन मृत्यू, एचपीव्हीच्या भागात एक. म्हणजे हजार बायकांची एकदा तपासणी केली की आठ वर्षांत साधारण एक जीव वाचला. हजारातल्या शंभरएक जणींची तपासणी 'आहे' अशी आली, त्यांना पुढची तपासणी लागली, काहींना उपचार. तर संस्थेला विचारायचं ते हे: हजार बायकांपर्यंत जायला, तपासायला आणि त्या शंभर जणींना शेवटपर्यंत न्यायला तुम्हाला किती खर्च येतो? जो आकडा येईल ती जवळपास एका आईची किंमत. कानाला कठोर लागतं हे. पण ही किंमत दहा लाख असेल की दोन, यावरच तुमचा लाख अर्धी आई वाचवतो की तिचा दहावा हिस्सा, हे ठरतं. सगळीकडं बार्शीइतकाच फरक पडेल असं नाही, रोगाचं प्रमाण जागोजागी वेगळं असतं. तरी पंचाण्णव पैशांपेक्षा हे माप खरं.

या अभ्यासाला एक बोच आहे, ती लपवू नये. चौथ्या भागातल्या बायकांची तपासणी केली नाही म्हणूनच फरक कळला. त्या चौसष्ट जणींचं काय, असा प्रश्न पुढं डॉक्टरांनीच विचारला आणि त्यावर कडाक्याचे वाद झाले. संशोधकांचं म्हणणं असं की त्या भागात तशीही तपासणीची काही सोय नव्हती, आम्ही त्यांचं काही काढून घेतलं नाही. मला हे उत्तर अर्धंच पटतं. ज्यांच्यामुळं आपल्याला हे ज्ञान मिळालं त्यांचं ऋण आहे, आणि ते फेडायचं तर आज कुणी बिनतपासणीची राहू नये. धर्मादाय पैशाला याहून चांगली वाट मला तरी सुचत नाही.

बाळाच्या फोटोबद्दलही एक शब्द. तो फोटो खोटाच असतो असं नाही. मुलांचे पुष्कळसे कॅन्सर बरे होतात, पण उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि आईबाप मध्येच गावी परततात. राहायला जागा नाही, रोज बुडतो, घरी दुसरी पोरं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात २००९ च्या सुमारास दर पाच मुलांमागे एकाचे उपचार असे अर्धवट सुटत. राहणं, जेवण, रक्त, औषधं, समुपदेशन या सगळ्याला धर्मादाय पैसा जोडून एकेका कुटुंबाचा पाठपुरावा सुरू झाला आणि काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. हेही 'पुढं काय झालं'चंच उत्तर. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा पाहिली आहे का कुणी? खाट आणि दोन वेळचं जेवण मिळालं तर उपचार पुरे होतात, हे तिथं राहून आलेल्या आपल्याकडच्या कित्येक कुटुंबांना सांगावं लागत नाही. सुरतेहून फ्लाइंग राणीनं आलेला रुग्ण आणि कोल्हापूरहून महालक्ष्मीनं आलेला रुग्ण, दोघांची अडचण एकच असते. उपचार मिळतो, पाठ टेकायला जागा मिळत नाही.

आपल्या सीमाभागाला आणखी एक गोष्ट विचारावी लागते. शस्त्रक्रियेसाठी मदत मागणारी संस्था आधी सरकारी योजनेचे कागद करून देते का? कर्नाटकानं २०१० मध्ये वाजपेयी आरोग्यश्री योजना आधी उत्तरेकडच्या जिल्ह्यांत आणली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना हृदयरोग, कॅन्सर यांचे उपचार मोफत. ज्या रेषेपर्यंत योजना आली होती तिच्या अलीकडची आणि पलीकडची गावं संशोधकांनी ताडून पाहिली. योजनेतल्या आजारांनी होणारे मृत्यू अलीकडच्या गरीब कुटुंबांत ०.३२ टक्के, पलीकडच्यांत ०.९० टक्के निघाले. ब्रिटिश मेडिकल जर्नलनं २०१४ मध्ये ते छापलं. जे काम सरकारी कार्डावर होतं त्यावर देणगीचे दोन लाख घालणं म्हणजे ज्याच्याकडं कुठलंच कार्ड बसत नाही त्याचे दोन लाख काढून घेणं. आणि निपाणीत राहून कोल्हापुरात उपचार घेणाऱ्याला, किंवा गावचं रेशनकार्ड ठेवून कामरेजला राहणाऱ्याला कुठलं कार्ड चालतं, हे शोधून देणारा एक जाणता कारकून संस्थेकडं असेल तर त्याचा पगार हा वाया गेलेला खर्च म्हणू नये.

कराचं थोडक्यात. जिला आपण वर्षानुवर्षं ८०जी म्हणत आलो ती सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर सवलत जाते. संस्थेनं तुमची देणगी प्राप्तिकर खात्याला कळवून तिथून निघणारं प्रमाणपत्र द्यायचं असतं, नुसती छापील पावती आता पुरत नाही. ते द्यायला टाळाटाळ झाली तर पुढचा हप्ता थांबवा.

हप्ता म्हणते कारण माझा सल्ला तोच आहे. कामरेजच्या भगिनींनी लाख एकदम देऊ नये. दोन संस्था निवडाव्यात, एक तपासणी करणारी आणि एक रुग्णाला उपचार संपेपर्यंत धरून ठेवणारी. दोघींना पंचवीस-पंचवीस हजार द्यावेत आणि एक कार्ड लिहावं: मागच्या वर्षीच्या शिबिरात किती जणींत दोष आढळला आणि आज त्या कुठं आहेत, किंवा किती मुलांचे उपचार अर्धवट सुटले. उत्तरात नुसते फोटो आले तर उरलेले पन्नास हजार दुसरीकडं न्यावेत. 'इतक्या जणी हाताबाहेर गेल्या, त्यांचा पत्ता लागला नाही' असं खरं उत्तर आलं तर मी त्याच संस्थेला उरलेले पैसे देईन.

नववी अनुसूची वाचताना अडलं तर पत्रकाची झेरॉक्स या सदराकडं पाठवा, संस्थेचं नाव झाकून पाठवलं तरी चालेल. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, बिलांच्या एकूण रकमेतले दोन टक्के त्यासाठी वेगळे काढावे लागतात. ती खाट मागायची कशी, कुठला दाखला लागतो आणि 'खाट शिल्लक नाही' म्हटलं तर कुणाकडं जायचं, हे पुढच्या अंकात.